पती व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले आहेत. त्यांना कोणती पुस्तके वाचायला द्यावीत?

या प्रश्नावर आपल्याकडे पहिले नाव निघते ते ‘एकच प्याला’चे. ते देऊ नका. मी दिले होते.

माझे यजमान अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, होते. २०१४ च्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, ते महिनाभराचे उपचार संपवून सोलापूरला परतले. मोठे भाऊजी निवृत्त शिक्षक. त्यांच्या सांगण्यावरून मी हिराचंद नेमचंद वाचनालयातून गडकऱ्यांचे, दारूत बुडालेल्या सुधाकराचे आणि त्याची बायको सिंधू हिचे, ते नाटक आणले आणि यजमानांच्या उशाशी ठेवले. वर्तमानपत्रापलीकडे फारसे न वाचणाऱ्या त्या माणसाने दोन रात्रींत ते संपवले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून मला विचारले, “सुधाकर मध्ये एकदा सोडतो. काम मागायला जातो, लोक त्याचा अपमान करतात आणि तो पुन्हा पितो. शेवटी मरतो. हे तू मला कशासाठी दिलेस?” मालकांनी त्यांना परत कामावर घ्यायचे की नाही हे तेव्हा ठरवलेले नव्हते, आणि पुस्तक देताना माझ्या ते ध्यानातही आले नव्हते. आठवड्याभरात ते पुन्हा प्यायले. नाटकामुळे प्यायले असे मी म्हणत नाही. परंतु जो आत्ताच कसाबसा उभा राहिला आहे त्याला पडलेल्या माणसाची गोष्ट देण्यात कसले शहाणपण, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

त्या वेळी भाऊजी सर्वांसमोर म्हणाले की, सिंधूसारखी बायको असती तर हा केव्हाच सुधारला असता. मला त्याचे उत्तर त्या दिवशी सुचले नाही, म्हणून येथे लिहिते. सिंधू लोकांची दळणे दळते, नवऱ्याच्या हातून तिचे मूल जाते, मरतानाही ती फौजदाराला खोटे सांगून त्याला वाचवते. आणि एवढे सोसूनही सुधाकर सुधारत नाही. म्हणजे भाऊजींचे म्हणणे त्यांनीच आणवलेल्या पुस्तकात खोटे ठरते. सिंधू लिहिली पुरुषाने, १९१९ साली रंगभूमीवर उभी केली बालगंधर्वांनी, आणि आदर्श म्हणून सांगितली जाते आम्हाला. (नाटकातील पदे मला आजही पाठ आहेत, तो भाग वेगळा.)

हे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना सुरू झाली आणि १९३९ मध्ये त्यांचे मूळ पुस्तक निघाले. त्यात पत्नींसाठी, पत्नींच्याच आवाजात लिहिलेले एक प्रकरण आहे, पण ते लिहिले संघटनेचे एक संस्थापक बिल विल्सन यांनी. त्यांच्या पत्नी लोइस घरात असताना त्यांना ते लिहू दिले गेले नाही आणि त्या दुखावल्या. याच लोइसबाईंनी १९५१ मध्ये नातेवाइकांसाठी अल-ॲनॉन उभे केले. त्यांच्या विचारावरचे चार पानी पत्रक मला दुसऱ्या खेपेच्या उपचारांच्या वेळी कुटुंबीयांच्या बैठकीत मिळाले. दारू मी लावलेली नाही, मी ती आवरू शकत नाही आणि बरीही करू शकत नाही, एवढाच त्याचा मथितार्थ होता. पण ते वाचल्यावर मी यजमानांचे खिसे तपासणे सोडले आणि कारखान्यात ‘ताप आला आहे’ असा खोटा निरोप धाडणेही बंद केले. भाऊजींना हा निर्दयपणा वाटला. यजमानांना मात्र पहिल्यांदाच स्वतः मालकांसमोर जाऊन बोलावे लागले, आणि ते बोलले.

तेव्हा पुस्तक आधी स्वतःसाठी आणा.

त्यांच्यासाठी विचाराल, तर अनिल अवचट यांचे ‘मुक्तांगणची गोष्ट’. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातील माणसे आपल्यासारखीच असल्यामुळे यजमान त्यात रमले. १९३९ च्या त्या पुस्तकाच्या उत्तरार्धात दारूतून सुटलेल्या लोकांनी सांगितलेल्या स्वतःच्या कहाण्या आहेत, त्याही चालतील. सुरुवातीचे काही आठवडे झोप मोडलेली असते आणि मन ठरत नाही, म्हणून संध्याकाळी दोन पाने मोठ्याने वाचून दाखवावीत आणि त्यावर प्रश्न विचारू नयेत.

हे आधीच सांगायला हवे होते: रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत फेफरे येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकते. तुमचे यजमान पुन्हा प्यायले, तर पुस्तक न शोधता डॉक्टरांकडे न्या, किंवा १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर विचारा. आणि घरात मारहाण होत असेल, तर मी वर लिहिलेले सगळे बाजूला ठेवून आधी मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जा.

नाटकाचे ते पुस्तक मी तीन आठवडे उशिरा परत केले. दंड मीच भरला. तो भाऊजींकडून वसूल करायचे राहून गेले.