रडू आलं नाही की फी वाया गेल्यासारखी वाटते – माझा अनुभव

"ज्या दिवशी सेशनमध्ये रडू येत नाही, त्या दिवशी फी वाया गेली असं वाटतं, आणि मॅडमही नाराज वाटतात." तुमच्या या दोन ओळी वाचल्या आणि माझं जुनं दुखणं आठवलं. थेरपिस्ट कसा शोधायचा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो. मी डॉक्टर नाही. दीड वर्ष त्या खुर्चीत बसलोय, तेवढ्याच बळावर लिहितोय.

माझ्या मॅडम मनापासून काम करणाऱ्या होत्या. पण वडिलांचा विषय निघाला की त्यांचं पेन थांबायचं, त्या जरा पुढे व्हायच्या. माझा आवाज कापला की टिश्यूचा डबा वीतभर माझ्याकडे सरकायचा. एकदा मी सांगितलं, की मेहुण्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीन आहे. त्या "हं" म्हणाल्या आणि वहीचं पान उलटलं. एवढंच. पुढचे आठ महिने मी जामिनाचं नाव काढलं नाही. झोप उडाली होती ती जामिनापायी, आणि मी मात्र रिक्षात बसल्या बसल्या आज वडिलांची कुठली आठवण सांगायची ते ठरवायचो. मेहुण्याने हप्ते थकवले, मला नोटीस आली, तरी त्या मंगळवारी मी वडिलांबद्दलच बोललो.

हे कुणी मुद्दाम करत नाही. १९५५ मध्ये ग्रीनस्पून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना मनात येतील ते सुटे शब्द बोलत राहायला सांगितलं. अनेकवचनी शब्द आला की तो नुसता हुंकार द्यायचा. अनेकवचनं वाढत गेली, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. दाद मिळते ते वागणं असं वाढत जातं, यालाच प्रबलन म्हणतात. कार्ल रॉजर्स हे नावाजलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तर थेरपिस्टचा जिव्हाळा बिनशर्त असावा असं सांगणारे. १९६६ मध्ये ट्रुआक्स या मानसशास्त्रज्ञाने त्यांच्याच एका केसमधली संभाषणं तपासली, तर तो जिव्हाळाही ठरावीक प्रकारच्या बोलण्याला जास्त मिळत होता. रॉजर्सचं हे, तर आपल्या मॅडमना काय दोष द्यायचा?

आणि हे एकाच बाजूने चालत नाही. त्यांनी वडिलांशी काही जोडून दाखवलं की मी "अगदी बरोबर!" म्हणून सावरून बसायचो. त्यांनाही मीच ती वाट दाखवत होतो.

मला सगळ्यात महाग पडलं ते पुढचं. मॅडमना तोंडावर न सांगता मी केंद्राच्या ऑफिसात जाऊन थेरपिस्ट बदलून मागितला. काउंटरवर उत्तर मिळालं, "हा तुमचा रेझिस्टन्स आहे, सगळ्यांनाच असं वाटतं." रेझिस्टन्स म्हणजे उपचाराला पेशंटच्याच मनातून होणारा विरोध. माझं म्हणणं मॅडमपर्यंत पोचवलंही नाही. मीही ते खरं मानलं आणि आणखी चार महिने तसेच काढले. रेझिस्टन्स हा शब्द पेशंटबरोबर खोलीत बसून, वेळ देऊन बोलायचा आहे. पावती फाडणाऱ्याने तो वापरूच नये, हे माझं ठाम मत. आजही आठवलं की संताप होतो.

म्हणून तुम्ही थेट मॅडमनाच सांगा: "मी रडलो की तुम्हाला बरं वाटतं असं मला वाटतं." चुकीचं ठरलं तरी चालेल. त्यांचा चेहरा वाचण्यात तुमचीही चूक होत असेल, माझीही झाली असेल. सेशन संपल्यावर जिन्यातच दोन ओळी लिहून ठेवा: आज काय सांगायचं राहिलं? घरी पोचेपर्यंत ते विसरायला होतं. गोळ्या चालू असतील तर या नादात स्वतःहून बंद करू नका. आणि मधल्या दिवसांत रात्री फारच जड गेलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत आहे.

आताच्या थेरपिस्टना मी दुसऱ्याच भेटीत हे सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मघाशी तुम्ही जामिनाचं बोलत होतात, तेव्हा मी वडिलांचं विचारलं, नाही का? परत तिथून सुरू करू या."