‘सरांनी तपासून घेतला’

‘‘मॅडम, जपानीची एन-टू परीक्षा पास होऊन दीड वर्ष झालं, तरी एक ईमेल धड लिहिता येत नाही. माझ्या डोक्यात ही भाषा बसतच नाही का?’’ पुण्यात नोकरी करणारी तिशीतली इंजिनीअर रडवेली होऊन विचारत होती. हा प्रश्न माझ्याकडे सारखा कुणी ना कुणी घेऊन येतं.

जपानी क्लायंटच्या विभागप्रमुखांनी तिचा रिपोर्ट तपासला होता. आभार मानताना तिने लिहिलं, ‘बुच्यो गा चेक्कु शिते इतादाकिमाशिता’. वरिष्ठांनी चारचौघांत चूक काढली. तेव्हापासून तिने ‘इतादाकु’ (‘इतादाकिमाशिता’चं मूळ क्रियापद) वापरणंच सोडलं.

आधी तिला सांगितलं, की जेएलपीटीत, म्हणजे एन-टू ही जिची एक पातळी आहे त्या जपानी भाषेच्या परीक्षेत, बोलण्या-लिहिण्याची चाचणीच नसते, सगळे प्रश्न पर्यायांचे. बरोबर उत्तर ओळखायची सवय तिला झाली होती, वाक्य स्वतः जुळवायची नव्हती. यात बुद्धीचा काय दोष?

मग म्हटलं, जपानी बाजूला ठेव, मराठीत सांग.

‘‘सरांनी रिपोर्ट तपासून दिला.’’

आता हेच ‘मी’पासून सुरू कर. ती जरा थांबली. ‘‘मी सरांकडून रिपोर्ट तपासून घेतला.’’

‘तपासून दिला’ म्हणजे ‘शिते कुदासारु’, ‘तपासून घेतला’ म्हणजे ‘शिते इतादाकु’. ‘सरांनी’ला ‘गा’, ‘सरांकडून’ला ‘नि’. मेलमध्ये तिने चक्क ‘सरांनी तपासून घेतला’ लिहिलं होतं! ते वाक्य मराठीत मोठ्याने म्हणताच तिलाच खटकलं. ‘गा’च्या जागी ‘नि’ तिने स्वतःच घातला.

आपल्या ‘घेतला’त नसलेला नम्रपणा मात्र इतादाकुत आहे. त्याचा मूळ अर्थ डोक्यावर धरणं. प्रसाद आपण कपाळाला लावून घेतो ना, तसं. इतकं सुंदर क्रियापद भीतीपोटी टाकून द्यावं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

‘सासेते इतादाकु’, म्हणजे ‘तुमच्या परवानगीने करते’ असं सांगणारं नम्र रूप, तिला आणखी अवघड वाटायचं. जपानमध्ये 2007 साली आदरार्थी भाषेची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांनुसार समोरच्याच्या परवानगीने काही करायचं असेल आणि त्यात आपलं भलं होणार असेल, तिथे हे रूप शोभतं. रजा मागताना ‘यासुमासेते इतादाकिमासु’ (तुमच्या परवानगीने रजा घेते) चपखल बसतं. दर वाक्याला लावलं, की कानाला जड होतं.

पंधरा दिवसांनी तिने स्वतःचे दहा मेल आणले. ‘गा’-‘नि’ सगळीकडे बरोबर. एका ठिकाणी ‘वाचू देणं’ या अर्थाच्या ‘योमासेते’ऐवजी ‘योमासासेते’ झालं होतं. या जादा ‘सा’वर जपानी माणसंही घसरतात. पुढच्या भेटीत आम्ही तोच घेणार आहोत.