ऑलग्रिप ग्रँड विटारा पुणे-पाटण फेऱ्यांना परवडेल का? मायलेज आणि खर्च किती?

तुमचा प्रश्न मला असा समजला: नोकरी पुण्यात, गाव पाटण तालुक्यात, महिन्यातून दोन चकरा, आणि घरापर्यंतचा शेवटचा चढ कच्चा. ऑलग्रिप, म्हणजे मारुतीच्या ग्रँड विटाराचं चारही चाकांना ताकद देणारं मॉडेल, मनात भरली आहे, पण "चारही चाकांची गाडी पेट्रोल ढोसते" असं जो तो सांगतोय. पेट्रोलमधल्या इथेनॉलने मायलेज किती उतरतं, हेही तुम्हाला हवं आहे.

माझ्याकडे २०२३ ची मॅन्युअल ऑलग्रिप आहे. राहायला साताऱ्यात, शेत कासच्या पलीकडे बामणोलीच्या अंगाला. हायवे, घाट, गावातली गर्दी आणि पावसाळ्यातला चिखल असं सगळंच या गाडीच्या वाट्याला येतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: पेट्रोलची भीती डोक्यातून काढा. या गाडीत जादा पैसा जातो तो दुसऱ्या वाटांनी, आणि त्या वाटा शोरूममध्ये कोणी दाखवत नाही.

आधी कागदावरचे आकडे. एआरएआय (गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था, पुण्यात वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना वेगळी सांगायला नको) चाचणीप्रमाणे टू व्हील ड्राइव्ह (फक्त पुढच्या चाकांवर चालणारी) मॅन्युअल २१.११ आणि ऑलग्रिप मॅन्युअल १९.३८ किलोमीटर लिटरला. ही चाचणी रोलरवर ठरलेल्या वेगाच्या तक्त्यानुसार होते. तिथे कात्रजचा जाम नसतो, गाडीत पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं नसतं. त्यामुळे आकडा म्हणून त्यावर विसंबू नका, पण दोन गाड्यांमधला फरक म्हणून तो कामाचा आहे. तो फरक साधारण आठ टक्के निघतो.

माझ्या गाडीला साताऱ्यात आणि पुण्यात ११ ते १२ पडतं. हायवेला ८०-९० च्या वेगाने १७, मागे मोकळी गाडी आणि एकटा असलो तर १८ सुद्धा. शंभराच्या वर पाय गेला की १५ वर येते. यवतेश्वरचा घाट चढताना दहाच्या आत जातं, पण उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात, त्यामुळे बरंच भरून निघतं. आपल्याकडे घाट न्यूट्रलवर उतरणारे शहाणे अजून आहेत. त्यात इंजिन आयडलला चालू राहून उलट पेट्रोल जाळतं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

हे आकडे स्क्रीनवरचे नाहीत, टाकी ते टाकी मोजलेले आहेत. नोझल पहिल्यांदा कट झालं की तिथेच थांबवायचं, "साहेब, राउंड फिगर करू का" याला नाही म्हणायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं. माझ्या गाडीची स्क्रीन एखादा किलोमीटर चढवूनच दाखवते.

आता तुमचा हिशोब. पुणे ते पाटण जाऊन-येऊन साडेतीनशे धरा, दोन चकरांचे सातशे. पुण्यातलं फिरणं तीनशे. सातशेला १७ ने ४१ लिटर, तीनशेला ११ ने २७ लिटर. एकूण ६८ लिटर, १०५ च्या भावाने सात हजार एकशेचाळीस रुपये. याच वापरात टू व्हील ड्राइव्ह घेतली असतीत तर त्या आठ टक्क्यांच्या हिशोबाने महिन्याला पावणेसहाशेच्या आसपास वाचले असते. वर्षाला साधारण सात हजार. एवढ्यावरून गाडी ठरवू नये.

हा फरक पडतो कशाने? ऑटो मोडमध्ये गाडी बहुतेक वेळ पुढच्याच चाकांवर चालते. पुढचं चाक घसरायला लागलं की इलेक्ट्रॉनिक कपलिंग (मागची चाकं इंजिनाला जोडणारा भाग) आवळलं जातं आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. पण मागे ताकद जात नसली तरी मधला प्रोपेलर शाफ्ट आणि मागचं डिफरन्शियल फिरत असतं, आणि त्या सगळ्या लोखंडाचं वजन रोज वाहावं लागतं. आठ टक्के जातात ते तिथे. लॉक मोड (यात मागच्या चाकांना सतत ताकद जाते) डांबरावर लावून ठेवू नका. चिखल संपला की ऑटोवर या.

इथेनॉलचंही विचारलं आहे तुम्ही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर मायलेज थोडं उतरणारच. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही घट ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत १-२ टक्के आणि बाकीच्यांत ३-६ टक्के सांगितली होती. माझे वरचे आकडे आताच्या पेट्रोलवरचेच आहेत, त्यामुळे वेगळं वजा करायची गरज नाही.

आता खरा पैसा. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी आली तेव्हा अल्फा (वरचं मॉडेल) मॅन्युअल १५.३९ लाख आणि तीच ऑलग्रिपमध्ये १६.८९ लाख, एक्स-शोरूम. म्हणजे दीड लाखाचा फरक. त्यावर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० ते २० लाखांच्या टप्प्यात १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे आणखी अठरा हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलल्यावर किमती खाली आल्या, तेव्हा आजचं कोटेशन हातात घेऊनच वजाबाकी करा. पण वर्षाला सात हजारांच्या पेट्रोलवर खल करणारा माणूस हे पावणेदोन लाख हप्त्यात विरघळवून टाकतो, याचं मला नवल वाटतं.

विम्यात चारही चाकांचा म्हणून थर्ड पार्टीचा जादा बोजा नाही. इंजिन १४६२ सीसी, म्हणजे १००० ते १५०० च्या गटात, वर्षाला ३४१६ रुपये अधिक जीएसटी. ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) गाडीच्या किमतीवर ठरतं, म्हणून थोडं चढतं. टोलला वार्षिक पास काढा. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० वेळा टोल पार करता येत होता. तुम्हाला खेड शिवापूर आणि आनेवाडी लागणार, उंब्रजला वळलात की तासवडे लागत नाही. एका चकरेचे चार, वर्षाचे शंभराच्या आत.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते टायरकडे. साइज २१५/६० आर १७, चांगल्या कंपनीचा एक टायर आठ-दहा हजारांना. टू व्हील ड्राइव्हवाला दोन झिजले की दोन बदलतो आणि मोकळा होतो. तुम्हाला तसं करता येणार नाही. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असे टायर असले की त्यांचा घेर वेगळा, म्हणजे फिरण्याचा वेग वेगळा. कपलिंगला वाटतं चाक घसरतंय, आणि ते सुक्या रस्त्यावरही काम करत बसतं, तापतं. म्हणून चारही टायर एकाच मेकचे, एकाच पॅटर्नचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. त्यासाठी रोटेशन (पुढचे टायर मागे, मागचे पुढे) वेळच्या वेळी करावंच लागतं. आमच्या भागात एका ओळखीच्याच्या गाडीचा टायर जांभ्याच्या टोकदार दगडाने बाजूने चिरला. उरलेले तीन अर्धे झिजलेले होते. त्याला शेवटी चारही घ्यावे लागले. असा खर्च कुठल्याच तक्त्यात येत नाही, पण मनात धरून ठेवावा.

सर्व्हिसिंगला मला वर्षाला सात-आठ हजार लागतात. ऑलग्रिपमध्ये ट्रान्सफरचं (मागच्या चाकांकडे ताकद वळवणाऱ्या गिअरपेटीचं) आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल ही जादा कामं. गाडीच्या पुस्तकात त्यांचं वेळापत्रक आहे. माझ्या नेहमीच्या वर्कशॉपमध्ये जॉब कार्डवर ही ओळच नव्हती, मी विचारल्यावर हाताने लिहिली गेली. बहुतेक गाड्या टू व्हील ड्राइव्ह येतात, मुलांच्या हाताला सवय तीच. तुम्ही आठवण करत जा.

मग घ्यावी का? पाटणचा पाऊस मला माहीत आहे. शेवटचा चढ नुसता खडीचा असेल तर टू व्हील ड्राइव्ह आणि चांगले टायर पुरेसे होतात, उरलेले पैसे घरी ठेवा. पण जुलैमध्ये तांबड्या मातीवर शेवाळ धरतं, पुढची चाकं जागेवर फिरून खड्डा पाडतात आणि गाडी खाली लावून बायको-पोरांना भिजत चालवावं लागतं, असं असेल तर ऑलग्रिपचं काम तिथे दिसतं. पुढचं चाक अर्धा वेढा फिरतं, आणि मग मागून कोणीतरी ढकलल्यासारखी गाडी वर सरकते. मात्र ती थार नव्हे. लो रेंज गिअर (अगदी कमी वेगात जास्त जोर देणारा) नाही, ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर, ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोरीत पोट टेकलं की चारही चाकं काही करू शकत नाहीत. तसला रस्ता असेल तर जिम्नी बघा. कागदावर मॅन्युअलला १६.९४, म्हणजे मायलेजला कमी, पण लो रेंज आहे.

हायब्रिडच्या २७.९७ या आकड्यावर भाळला असाल तर ती पुढच्याच चाकांवर चालते, सीएनजीही तशीच. दोन्ही तुमच्या चढाला उपयोगाच्या नाहीत.

आणखी एक. २०२५ पासून नवी ऑलग्रिप ६ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्येच मिळते, माझ्यासारखी मॅन्युअल हवी असेल तर जुनी शोधावी लागेल. बघायला जाल तेव्हा चारही टायरचा मेक आणि आठवड्या-वर्षाचा चार अंकी शिक्का जुळतो का ते पाहा, गाडी रॅम्पवर चढवून मागच्या डिफरन्शियलभोवती ऑइल पाझरलंय का ते बोट फिरवून बघा, आणि सर्व्हिस हिस्टरीत त्या ऑइलची नोंद मागा. नोंद नसेल तर ते ऑइल मालकाकडूनच बदलून घ्या, मग भावाचं बोला.