रॅट की ससा, हे ठरवण्याआधी इजा कोणती ते ठरवा

तुमचा बेत मला असा समजला: रॅटना डॉक्सोरुबिसिन या कॅन्सरच्या औषधाचा एकच मोठा डोस द्यायचा, हृदयाची इजा पाहायची आणि त्याच प्राण्यांच्या ईसीजीवर क्यूटीही (ठोक्याची विद्युत लहर सुरू झाल्यापासून विद्युतभार पूर्ववत होईपर्यंतचा वेळ) मोजायचा.

क्यूटी आधी वगळा. माणसाच्या हृदयात प्रत्येक ठोक्यानंतर विद्युतभार पूर्ववत होतो तो बराचसा हर्ग नावाच्या पोटॅशियम चॅनलच्या, म्हणजे पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या वाटेच्या, जोरावर. रॅट आणि माइसमध्ये हे काम मुख्यतः वेगळे पोटॅशियम प्रवाह करतात. टरफेनाडीन हे अ‍ॅलर्जीचं औषध बाजारातून गेलं ते हर्ग अडवून ठोक्यांची लय बिघडवत होतं म्हणून. असं औषध रॅटच्या ईसीजीवर साळसूद दिसू शकतं. त्यासाठी गिनी पिग किंवा ससा घ्या.

आता डॉक्सोरुबिसिन. एकाच मोठ्या डोसने दिसते ती तीव्र विषबाधा. रुग्णांत मात्र नुकसान साचत जातं आणि हृदय कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी थकतं. म्हणून 2.5 मिग्रॅ/किलोचे सहा डोस दोन आठवड्यांत विभागून द्या, एकूण 15, आणि मग काही आठवडे थांबा. हे थांबणंच लोकांना जड जातं.

डोस शक्यतो शिरेतून द्या. मी सुरुवातीला पोटात टोचत असे. रॅटची पोटं पाण्याने फुगली आणि हृदय निकामी झालं म्हणून मी खूश! नंतर विच्छेदनात दिसलं की औषधाने पोटाचं आवरणच भाजलं होतं. शिवाय हे प्राणी खाणं सोडतात आणि उपासमारीनेही हृदयाचं वजन घटतं. तेव्हा औषध दिलेले प्राणी खातात तेवढंच मोजून खाऊ घातलेला, औषध न दिलेला एक गट ठेवाच.

ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) मोजताना वेळ सांभाळा. हृदयाला जोरात धावायला लावणाऱ्या आयसोप्रेनलिनने होते तशा तीव्र इजेत ते काही तासांत चढतं आणि झपाट्याने उतरतं. उशिरा रक्त काढलंत तर हाती काही लागणार नाही. सीके-एमबी या स्नायूंतल्या एन्झाइमवर एकट्यावर विसंबू नका. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करताना भूल सगळ्या गटांना सारखी हवी, कारण केटामिन-झायलाझिन या भुलीच्या औषधांनी ठोके बरेच मंदावतात.

एखादा अर्क हृदय वाचवतो असं दाखवायचं असेल, तर जरा सावध राहा. प्राण्यांत उजळ दिसलेले अँटिऑक्सिडंट रुग्णांत फिके पडले आहेत, डॉक्सोरुबिसिनपासून हृदय वाचवायला देतात ते डेक्स्राझोक्सेन टिकलं. आणि कॅन्सरची गाठ असलेल्या प्राण्यांतही तपासा. अर्क हृदयासोबत गाठीलाही वाचवत असेल, तर रुग्णाला तो काय कामाचा?