सही करू का आणि नोकरी सोडू का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत गं

"मावशी, मी 24 वर्षांची, कलाभवनातून सिव्हिल केलं, भायलीच्या पुढे एका 14 मजली टॉवरवर साईट इंजिनियर आहे. सकाळी आठ ते रात्री नऊ, स्लॅब असला की मध्यरात्र. पगार कधी 10 तारखेला तर कधी 25 ला. स्टाफमधे मी एकटीच मुलगी, टॉयलेट धड नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. आई म्हणते सोड ते, सरकारी नोकरीची जीपीएससी परीक्षा दे. दांडिया बाजारातलं एक स्थळ आलंय, त्यांना साईटवर जाणारी सून नको. आणि आता नवीन, सातव्या मजल्याच्या स्लॅबचे 7 दिवसांचे क्यूब (काँक्रीटचे तपासणीचे ठोकळे) ताकदीत कमी आले तर मॅनेजर सर म्हणतात रजिस्टरमधे वीसच्या वर लिही आणि सही कर, 28 दिवसांनी येतंच. दोन दिवस टाळतेय, झोप नाही. सोडू का नोकरी? — साईटवाली, बडोदा"

अगं साईटवाली, एका पत्रात पाच तक्रारी कोंबल्यास आणि सगळ्यांवर एकच औषध मागतेस, तसं नाही होत. यातली चार दुखणी या धंद्याचीच आहेत, कुठल्याही कंपनीत गेलीस तरी थोडीफार राहणार. पाचवं वेगळं आहे, ते रजिस्टरचं, म्हणून आधी तेच घेते.

आमचे हे आर अँड बी मधून, म्हणजे सरकारी रस्ते-इमारत खात्यातून, रिटायर झाले, आमच्याकडे जेवताना वरणभातापेक्षा काँक्रीटच जास्त चालायचं, तर तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले एम30, म्हणजे 28 दिवसांना 30 ताकदीचं काँक्रीट, असेल तर 7 दिवसांना साधारण 20 च्या आसपास यायला हवं, पण कमी आलं म्हणजे स्लॅब गेला असं नाही. राख मिसळलेलं सिमेंट सुरवातीला हळूच चढतं. शिवाय बघ की क्यूब टाकीत होते का उन्हात पडलेले, भरताना नीट ठोकले होते का, आणि मिक्सरमधे कुणी पाणी मारलं का (पंपवाले मारतात, पाईप जाम होऊ नये म्हणून, आणि आपण दुसरीकडे बघतो). खरा निकाल 28 दिवसांचा. तोही कमी आला तर पुढचा रस्ता काँक्रीटच्या आयएस 456 कोडमधेच दिलाय, स्लॅबमधून कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल तुकडे, कापून काढायचे, त्यांची सरासरी ग्रेडच्या 85 टक्के आणि एकही कोअर 75 टक्क्यांच्या खाली नाही, एवढं जमलं तर स्लॅब पास. म्हणजे बघ, खरा आकडा लिहिलास तर पुढे वाट आहे, खोटा लिहिलास तर ती वाट तूच बंद केलीस कारण रजिस्टरप्रमाणे सगळं ठीकच आहे ना, मग कोअर कशाला काढेल कोणी.

आणि तुझ्या पत्रात नाही पण मला जास्त काळजी टेकूंची वाटली. सेंटरिंगवाल्याला, म्हणजे स्लॅबखालचा साचा लावणाऱ्याला, त्याच्या प्लेटा आणि जॅक वरच्या स्लॅबला हवे असतात, त्याचं सगळं गणित ते किती लवकर सुटतात यावर, आणि तो तुमच्या मॅनेजरच्या मागे लागणार की पोरगी उगाच अडवते. 4.5 मीटरच्या वर स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) असेल तर टेकू 14 दिवस ठेवायचेत, ते सुद्धा काँक्रीट ठीक असेल तर. इथे तर आकडाच कमी आलाय. रजिस्टरमधे वीस लिहिलं की तो आठव्या-नवव्या दिवशी काढायला मोकळा, आणि खाली दाहोद-छोटा उदेपूरची माणसं काम करत असतात, पोरं पण तिथेच खेळत असतात. सही केवळ कागदावर राहत नाही ती अशी.

तर उद्या असं कर. आला तोच आकडा लिही, खाली सही कर, हो तीच सही बेधडक कर. मग सरांना मेसेज टाक, भांडण नको, साधं लिही की सर, सातव्या मजल्याचे 7 दिवसांचे क्यूब एवढे आलेत, 28 ची वाट बघूया, तोपर्यंत टेकू काढत नाहीये, स्ट्रक्चरल कन्सल्टंटना कळवायचं का. त्यांनाही यात सुटायला जागा राहते, कारण बऱ्याच वेळा मॅनेजर खोटा नसतो, त्याच्या डोक्यावर पुढच्या स्लॅबची तारीख बसलेली असते. पण मेसेज बघून सुद्धा ते म्हणाले की नाही, वीसच लिही, तर मग सोड. त्या दिवशी सोड, आईला मी समजावते.

झोपेचं म्हणशील तर आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसची गोष्ट तुला माहीत असेलच, आधीचा आर्किटेक्ट मेजर मँट, आपला हिशोब चुकलाय आणि हे सगळं कोसळणार या भीतीनं तो खचला असं सांगतात, 1881 ला गेला बिचारा, मग चिझम या दुसऱ्या आर्किटेक्टनी 1890 मधे काम पुरं केलं आणि वाडा आजही ताठ उभा आहे. एवढं मनाला लावून घ्यायचं नाही, पण बांधणाऱ्याला अजिबातच भीती वाटत नसेल तर मी त्या बिल्डिंगमधे फ्लॅट घेणार नाही.

आता टॉयलेट. यावर मी चिडलेय आणि तुझ्यावर पण चिडलेय, पाणी न पिता बडोद्याच्या मे महिन्यात उभी राहतेस, किडनी काय कंपनी देणार आहे का परत? 1996 च्या बांधकाम कामगारांच्या कायद्यात संडास-मुतारीची सोय लिहिलेलीच होती, ही काही मेहेरबानी नाहीये. आणि मला सांग, तुमच्याकडे सॅम्पल फ्लॅट आहे ना? तिथे गिऱ्हाईकांसाठी चकचकीत बाथरूम असतं आणि चावी सेल्सच्या मुलाकडे असते. ती चावी माग. आणि नुसती स्वतःपुरती नको मागूस, लेबरमधल्या बायांसाठी कडी लागेल असं वेगळं करून द्या म्हणून ईमेल कर, त्या तर तिथेच राहतात, तू निदान रात्री घरी येतेस.

पगाराचं कारण सांगते, बरं वाटणार नाही पण कळेल. बुकिंगचे हप्ते अडकतात, बिलं अडकतात, आणि आलेला पैसा पहिला लेबरला जातो कारण टोळीला दिला नाही तर ती दुसऱ्या दिवशी गावी, होळीला तर पैसे देऊन पण जाते. स्टाफ कुठे जात नाही हे शेठना माहीत असतं म्हणून तुम्ही शेवटी. उशीर होतो ते एक वेळ सोस, पण पीएफ कापतात तर तो भरतात का हे पासबुकात दर महिन्याला बघ, पगार बँकेतूनच घे, आणि दोन महिने पूर्ण कोरडे गेले तर थांबू नकोस, कितीही गोड बोलले तरी.

तासांबद्दल मी खोटा धीर देणार नाही. स्लॅब सुरू झाला की मधेच थांबवून घरी जाता येत नाही, जोड कच्चा राहतो, तेवढी एक रात्र समजू शकते. पण रोज रात्री नऊ कशाला? संध्याकाळचा डीपीआर (रोजच्या कामाचा रिपोर्ट) आणि उद्याचं मटेरियल यातच जातात ना ते दोन तास? अर्ध काम सुपरवायझरवर टाक, त्याला येत नसेल तर शिकव, आणि रविवार महिन्यातून दोन तरी मागून घे. दोनेक वर्षं साईट केली की मग बिलिंग, प्लॅनिंग, क्वालिटी, कन्सल्टंटकडे, कुठेही जाता येतं आणि जिने सळई स्वतः मोजलीय तिला तिथे कोणी फसवू शकत नाही.

आईंना एक सांग. जीपीएससी जरूर दे, चांगलीच नोकरी आहे, पण सहीपासून सुटका म्हणून देऊ नकोस. जुलै 2025 मधे आपल्या पादऱ्याकडचा गंभीरा पूल पडला, मही नदीत गाड्या गेल्या, दुसऱ्याच दिवशी चार इंजिनियर सस्पेंड झाले, सगळे सरकारीच होते.

आणि ते दांडिया बाजारवाले, त्यांना ऑफिसातली सून हवीय तर ऑफिसातली शोधू देत की, बडोद्यात काय कमी आहेत का. तू साईट सोडून तिथे गेलीस तर उद्या आणखी काहीतरी सोडायला सांगतील. मुलाशी स्वतः एकदा बोल, सुरसागरला बसून शेवउसळ खा, त्याचं स्वतःचं मत काय ते विचार, नसेलच काही मत तर झालं मग.

28 व्या दिवशी काय येतं ते मला कळव, कमी आलं तर यांच्याशी फोनवर बोलून घे, ते वाटच बघतायत, रिटायर झाल्यापासून त्यांना क्यूबबद्दल कोणी काही विचारलेलंच नाही.

— मावशी