दांडिया बाजारातल्या दुकानाला बोल्ट न दिसणारी काच लावायची आहे. नुसत्या सिलिकॉनवर टिकेल का?

टिकेल, पण काचेचं वजन सिलिकॉनवर टाकू नका. स्ट्रक्चरल सिलिकॉनची (काच चौकटीला चिकटवून भार पेलणाऱ्या सिलिकॉनची) ताकद वाऱ्याच्या झटक्याला 0.14 मेगापास्कल धरतात, कायमच्या वजनाला जेमतेम 0.007. म्हणून काचेखाली सेटिंग ब्लॉक, म्हणजे तिचं वजन पेलणारे छोटे ठोकळे, हवेतच. ‘दिसायला बरं नाही’ म्हणून ते काढायला सांगणाऱ्या फॅब्रिकेटरला काम देऊ नका.

सिलिकॉनच्या पट्टीची रुंदी वाऱ्यावरून निघते. काच 1.2 मीटर रुंद आणि दाब 1.5 किलोपास्कल असेल, तर अर्धी रुंदी गुणिले दाब भागिले 0.14, म्हणजे 6.4 मिमी. मी 8 ठेवीन. पट्टीची जाडी वेगळी बघावी लागते. बडोद्याच्या उन्हात चौकटीचं ॲल्युमिनियम काचेच्या अडीच पट प्रसरण पावतं. 2 मीटर लांबीत तापमान 40 अंशांनी बदललं तर साधारण 1 मिमीचा फरक पडतो आणि तो सगळा त्या पट्टीलाच सोसायचा असतो.

लावताना आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने. एकच फडकं फिरवलं की मळ परत तिथेच बसतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मात्र इथे नको, लॅमिनेटेड काचेच्या (मधे प्लॅस्टिकचा थर घालून चिकटवलेल्या दुहेरी काचेच्या) कडेला तर मुळीच नको. काचही लॅमिनेटेडच घ्या, खालून लोक ये-जा करतात.