पहिली वेबसाइट बनवताय? आधी माउस बाजूला ठेवा

साइट अंध आणि माउस न वापरणाऱ्या लोकांनाही वापरता आली पाहिजे. त्यासाठी एचटीएमएलमध्ये जोडायच्या ‘एरिया’ (ARIA) नावाच्या जादा खुणांच्या भानगडीत आत्ता पडूच नका. चुकीचा लावलेला एरिया न लावण्यापेक्षा जास्त घोळ घालतो. आधी फक्त टॅब आणि एंटर दाबत साइट फिरून बघा. कुठे अडकलात, किंवा नेमके कुठल्या बटणावर आहोत तेच दिसेना, की दुरुस्ती तिथूनच सुरू.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे डिव्हला (div, म्हणजे नुसता डब्यासारखा टॅग) क्लिक लावून त्याचं बटण करणं. त्यावर टॅब थांबत नाही, स्क्रीन रीडरही (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्याला बटण म्हणत नाही. सरळ बटण टॅग वापरा, दोन्ही फुकटात मिळतं. आणि दिसायला बरं नाही म्हणून सीएसएसमधून आउटलाइन (टॅबने कुठे आलो ते दाखवणारी चौकट) उडवू नका.

मग एवढं करा:
- फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला लेबल. प्लेसहोल्डर (रकान्यातला सूचनेचा मजकूर) टाइप करायला लागताच गायब होतो.
- साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) किमान ४.५:१. पांढऱ्यावर फिकट राखाडी उन्हात वाचून दाखवा!
- ऑल्टमध्ये (alt, चित्राचं वर्णन लिहायची जागा) ‘चित्र १’ नको. ‘लाल सायकल, मागे टोपली’ असं लिहा. निव्वळ सजावटीच्या चित्राचा ऑल्ट रिकामा ठेवा, पण गाळू नका, नाहीतर स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचत बसू शकतो.

साइट हळू असेल तर बहुतेकदा फोटोच दोषी. ४०० पिक्सेलच्या जागेत ४००० पिक्सेलचा फोटो कशाला? कोडमध्ये फोटोची रुंदी-उंचीही लिहा, म्हणजे लोड होताना मजकूर उड्या मारत नाही.